कर्करोगाची कुळकथा शोधणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर

पाचोऱ्याच्या रेल्वे फलाटावर मुंबईकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहणाऱ्यांत एखादे कुटुंब असे हमखास दिसते, की ज्यांच्या कापडी पिशवीत दशम्यांच्या पुडक्याशेजारी एक्स-रेचे मोठे पाकीट असते. कुठे निघालात, असे विचारले तर एकाच शब्दात उत्तर येते, टाटाला. खानदेशातील कापूस आणि केळी पिकविणाऱ्या गावांना परळच्या त्या रुग्णालयाची ओळख या एका शब्दाने पटते. पूर्वी जामनेरकडची माणसे नॅरोगेजच्या छोट्या गाडीने पाचोऱ्याला येत आणि येथून मोठी गाडी पकडून सुमारे पावणेचारशे किलोमीटरवरची मुंबई गाठीत. प्रवास तेव्हाचा असो वा आजचा, घरच्या मंडळींच्या मनात दोन प्रश्न घोळत असतात. आमच्या घराण्यात हा रोग कुणालाच नव्हता, मग यालाच कसा झाला? आणि अर्धे गाव तंबाखू मळते, फवारणी करते, त्यांना काही झाले नाही, मग आमच्याच माणसावर ही वेळ का आली?

पहिला प्रश्न रक्ताचा, म्हणजे आनुवंशिकतेचा आहे. दुसरा प्रश्न सवयीचा, धंद्याचा आणि हाताला-तोंडाला लागणाऱ्या पदार्थांचा आहे. हे दोन्ही प्रश्न विज्ञानाच्या कसोटीवर घासून पाहण्याचे काम भारतात ज्यांनी प्रथम हाती घेतले, त्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव अग्रभागी आहे. भारतीय विकृतिशास्त्राचे आणि वैद्यकीय संशोधनाचे जनक म्हणून वैद्यकविश्व त्यांना ओळखते. ज्या रुग्णालयाच्या दारात खानदेशचा रुग्ण उतरतो, तेथील प्रयोगशाळांचा पाया त्यांनीच घातला. मात्र रुग्णालयाबाहेरच्या मराठी माणसाला त्यांचे नाव फारसे आठवत नाही.

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी झाला. हे साल कर्करोगाच्या इतिहासातही लक्षात राहण्याजोगे आहे. त्याच वर्षी जर्मनीतील शल्यविशारद लुडविग रेन यांनी फ्रँकफुर्टजवळच्या रंगद्रव्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या काही कामगारांना मूत्राशयात गाठी झाल्याचे वैद्यकीय सभेपुढे मांडले. त्याच वर्षाच्या अखेरीस राँटजेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. एक कारखान्यातील रसायन, दुसरा अदृश्य किरण. दोन्ही माणसाच्या उपयोगाचे आणि दोन्ही कर्करोगाला कारण ठरू शकणारे. पुढे खानोलकरांच्या आयुष्याचा मोठा भाग अशाच बाह्य कारणांच्या शोधात जावा, हा योगायोग म्हणायला हवा.

या शोधाची परंपरा त्याहून जुनी होती. लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये धुराडी साफ करणाऱ्या पोरांच्या अंडकोशाच्या त्वचेवर होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन केले होते. अंगाला चिकटणारी काजळी आणि वर्षानुवर्षे न धुतलेली त्वचा यांचा तो परिणाम होता. धंद्यामुळे होणाऱ्या कर्करोगाची ही पहिली स्पष्ट नोंद मानली जाते. १९१५ च्या सुमारास यामागिवा आणि इचिकावा या जपानी संशोधकांनी सशाच्या कानावर महिनोन्‌महिने डांबर चोळून कर्करोग निर्माण करून दाखविला आणि रसायनाने कर्करोग होतो याचा प्रयोगशाळेतील पुरावा जगाला दिला. खानोलकर वैद्यकाचे शिक्षण घेऊ लागले त्या काळात ही चर्चा ताजी होती.

लंडन विद्यापीठातून त्यांनी वैद्यकाचे शिक्षण पूर्ण केले आणि १९२३ मध्ये विकृतिशास्त्रात एम.डी. ही पदवी मिळविली. मायदेशी परतल्यावर मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आणि पुढे सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी विकृतिशास्त्र शिकविले. विकृतिशास्त्रज्ञाचे काम पडद्याआडचे असते. शल्यविशारदाने काढलेला मांसाचा तुकडा पातळ कापून, रंगवून, काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा आणि रोगाचे नाव सांगायचे. रुग्णाची आणि या डॉक्टराची बहुधा भेटही होत नाही. खानोलकरांचे वेगळेपण असे, की काचपट्टीपलीकडचा माणूस त्यांनी कधी दृष्टिआड होऊ दिला नाही. हा तुकडा ज्याच्या देहातून आला तो काय खातो, काय चघळतो, काय नेसतो आणि कसा जगतो, हे त्यांना जाणून घ्यायचे असे.

त्या काळी एक समज प्रचलित होता. कर्करोग हा पाश्चात्त्य, सुधारलेल्या समाजाचा रोग असून भारतीय माणसाला तो क्वचितच होतो, असे अनेक डॉक्टर मानत. त्यामागे दोन साधी कारणे होती. साथीचे रोग आणि दुष्काळ यांमुळे फार थोडी माणसे उतारवयापर्यंत पोहोचत, आणि ज्यांना कर्करोग होई त्यांचे निदानच होत नसे. रोग नव्हता असे नाही, रोगाची नोंद नव्हती. ही नोंद करण्याची संधी खानोलकरांना १९४१ मध्ये मिळाली. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळांची व संशोधनाची धुरा त्यांच्याकडे आली. देशाच्या कानाकोपऱ्यातून रुग्ण येऊ लागले. वेगवेगळ्या भाषा, वेगवेगळे आहार, वेगवेगळ्या चालीरीती एकाच छताखाली एकत्र आल्या. संशोधकाला याहून मोठे भांडार ते कोणते?

१९४४ मध्ये त्यांनी मुंबईत पाहिलेल्या तोंडाच्या कर्करोगाच्या सलग एक हजार रुग्णांचा आढावा अमेरिकेतील कर्करोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य देशांत तोंडाचा कर्करोग तुलनेने कमी आढळे, येथे तो रुग्णालयाच्या ओसरीवर रांग लावून बसलेला होता. पुढच्याच वर्षी, १९४५ मध्ये, सूर्याबाई या सहकारी संशोधिकेसह त्यांनी भारतीय चालीरीतींशी निगडित कर्करोगाच्या नव्या प्रकारांवर निबंध लिहिला. त्यातला धोतराचा कर्करोग आजही वैद्यकाच्या ग्रंथांत नमूद असतो. एकाच जागी वर्षानुवर्षे घट्ट कसलेल्या धोतरामुळे कमरेची त्वचा घासली जाते, तेथे आधी डाग पडतो, मग व्रण होतो आणि क्वचित त्या व्रणाचे रूपांतर कर्करोगात होते. तंबाखू आणि चुना मळून खालच्या ओठाच्या आत धरण्याच्या सवयीने नेमक्या त्याच खोबणीत उद्भवणारा खैनीचा कर्करोगही त्यांनी वर्णन केला. जेथे पदार्थ टेकतो तेथेच रोग उठतो, ही गोष्ट इतकी स्पष्ट होती, की तिच्यापुढे नशिबाच्या भोगाचे स्पष्टीकरण टिकत नव्हते.

हे निरीक्षण कालबाह्य झाले आहे, असेही म्हणता येत नाही. धोतर नेसणारे कमी झाले. साडी आणि परकर मात्र आहेत. घट्ट बांधलेल्या परकराच्या नाडीमुळे कमरेवर झालेल्या त्वचेच्या कर्करोगाच्या घटना २०२४ मध्ये वर्धा येथील आणि बिहारमधील डॉक्टरांनी आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडल्या. खानोलकरांनी दाखविलेली वाट आठ दशकांनंतरही चालती आहे.

परंतु सवयीकडे बोट दाखवून थांबणे त्यांना पटणारे नव्हते. मुंबईत वेगवेगळ्या समाजांत कर्करोगाच्या जागा वेगवेगळ्या दिसत. पारशी स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे कमी आढळे, तर अन्य अनेक समाजांत चित्र याच्या उलट होते. हा फरक रक्तातला की राहणीतला? भारतीय समाजात शतकानुशतके जातीतल्या जातीतच विवाह होत आल्याने प्रत्येक गट एखाद्या बंद तळ्यासारखा झालेला. त्यामुळे आनुवंशिकतेचा प्रभाव तपासण्यासाठी याहून योग्य भूमी जगात क्वचितच सापडली असती.

डीएनएची रचना १९५३ मध्ये उलगडली. त्याआधी माणसाचा आनुवंशिक वारसा वाचण्याची साधने मोजकी होती आणि रक्तगट हे त्यांतले सर्वांत भरवशाचे. खानोलकर आणि त्यांचे सहकारी डॉ. एल. डी. संघवी यांनी मुंबईतील सहा अंतर्विवाही गटांतील व्यक्तींची रक्तगटांसारखी सात आनुवंशिक लक्षणे तपासून १९४९ मध्ये आपली माहिती प्रसिद्ध केली. एकाच शहरात, एकाच चाळीत राहणाऱ्या, पण परस्परांत लग्न न करणाऱ्या गटांमध्ये मोजता येण्याजोगे आनुवंशिक फरक आहेत, हे त्यातून दिसले. भारतातील मानवी आनुवंशिकीच्या अभ्यासात हे काम आरंभीचे आणि मोलाचे मानले जाते.

दुसऱ्या बाजूने सवयीचा हिशेब चालूच होता. १९५५ मध्ये संघवी, राव आणि खानोलकर यांनी तंबाखू ओढणे व चघळणे आणि घसा-तोंडाचा कर्करोग यांच्या संबंधावरील अभ्यास ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. कर्करोग झालेल्यांच्या सवयींची तुलना तो न झालेल्यांच्या सवयींशी करायची, ही त्यांची रीत होती. तंबाखू चघळणाऱ्यांमध्ये रोग प्रामुख्याने तोंडाच्या पोकळीत, तर विडी ओढणाऱ्यांमध्ये तो जिभेच्या मुळाशी आणि घशाच्या खोल भागात अधिक दिसला. गट कोणताही असो, रोगाची जागा सवयीच्या मागोमाग जात होती. समाजासमाजांतला बराचसा फरक जातीच्या रक्तापेक्षा जातीच्या रीतीत दडलेला होता. जातीला रोगाचे लेबल लावणे सोपे असते. खानोलकरांनी त्या लेबलाखाली काय आहे ते उलटून पाहिले.

मग रक्ताचा काहीच संबंध नाही का? आहे, आणि तो शोधण्यासाठी प्राण्यांवरील व पेशींवरील प्रयोग आवश्यक होते. १९५२ मध्ये परळ येथे भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले, त्याचे खानोलकर हे संस्थापक संचालक. त्यांच्या मार्गदर्शनाखाली पुण्याच्या कमल रणदिवे यांनी १९४९ मध्ये पीएच.डी. मिळविली होती. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत काम करून त्या परतल्या आणि परळच्या केंद्रात ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी राहिली. येथे उंदरांच्या शुद्ध वंशावळी जोपासल्या गेल्या. एका वंशावळीतील उंदरांना कर्करोग सहज होतो, दुसरीतील उंदीर त्याच परिस्थितीत बराच काळ निरोगी राहतात. अन्न तेच, पिंजरा तोच, तरीही परिणाम निराळा. आनुवंशिकता रोगाचे दार कमी-अधिक उघडे ठेवते, हे अशा प्रयोगांतून कळते. रणदिवे यांनी पुढे १९६६ ते १९७० या काळात याच संस्थेचे संचालकपद भूषविले.

खानोलकरांच्या हयातीत जे अंधुक दिसत होते, ते आज पुष्कळसे स्पष्ट झाले आहे. रेन यांनी पाहिलेल्या रंग कामगारांचेच उदाहरण घ्या. रंगद्रव्ये बनविताना वापरली जाणारी बेंझिडिन आणि बीटा-नॅप्थिलअमाइन ही रसायने श्वासावाटे व त्वचेवाटे शरीरात जातात. यकृत त्यांना निष्प्रभ करण्याचा प्रयत्न करते. या कामी येणारे एक विकर काहींच्या शरीरात वेगाने, तर काहींच्या शरीरात मंदगतीने काम करते आणि ही गती आई-वडिलांकडून आलेल्या जनुकांवर ठरते. मंदगती असणाऱ्यांच्या शरीरात घातक अंश अधिक काळ रेंगाळून मूत्राशयात उतरतो. रंगाच्या कारखान्यांत काम केलेल्या अशा व्यक्तींना मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोका अधिक असल्याचे १९८० च्या दशकापासूनच्या अभ्यासांत आढळले. भारतीयांमध्ये हा मंदगती प्रकार मोठ्या प्रमाणावर आहे.

येथे एक महत्त्वाची मेख आहे. ज्याचा त्या रसायनाशी कधी संबंधच आला नाही, त्याला ही मंदगती जनुके या बाबतीत फारशी उपद्रवी ठरत नाहीत. उलटपक्षी, बीटा-नॅप्थिलअमाइनच्या अतिरेकी संपर्कात आलेल्या ब्रिटनमधील काही कामगारांच्या गटांत जवळजवळ सर्वांनाच रोग जडला. तेथे चांगल्या जनुकांचे कवच कामी आले नाही. काही जनुकीय दोष मात्र स्वतःच बलवान असतात. १९९४ आणि १९९५ मध्ये ओळखली गेलेली बीआरसीए ही दोन जनुके त्यांपैकी होत. त्यांतील दोष वारशाने आला तर स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या कर्करोगाचा धोका पुष्कळ वाढतो. पण अशी घराणी थोडी. कर्करोगाच्या बहुसंख्य रुग्णांच्या कुंडलीत असा एकच बलवान ग्रह सापडत नाही. तेथे लहानसहान आनुवंशिक फरक आणि आयुष्यभराचा संपर्क यांची गुंतागुंतीची गणिते असतात.

खानोलकरांची जिज्ञासा एका रोगापुरती मर्यादित राहिली नाही. कुष्ठरोगाचे जंतू आरंभीच्या अवस्थेतच मज्जातंतूंमध्ये कसे शिरतात, याचा त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली केलेला अभ्यास जगभर नावाजला गेला. अणुस्फोटांच्या चाचण्यांनी जग धास्तावले असताना किरणोत्साराच्या परिणामांचा विचार करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय समितीवर त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. कर्करोगविरोधी आंतरराष्ट्रीय संघाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक हा बहुमान आणि पद्मभूषण किताब त्यांना लाभला. १९६० च्या दशकाच्या आरंभी ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांनी उभारलेली संस्था पुढे कर्करोग संशोधन संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली, १९६६ मध्ये टाटा स्मारक रुग्णालयासह टाटा स्मारक केंद्रात सामील झाली आणि नंतर तिचे काम नवी मुंबईत खारघरला विस्तारले. १९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईत लोकसंख्येवर आधारित देशातील पहिली कर्करोग नोंदणी सुरू केली. रोगाची नोंद नाही म्हणून रोग नाही, हा जुना भ्रम त्यामुळे कायमचा निकालात निघाला.

तथापि त्यांच्या इशाऱ्यांचे आपण काय केले, हा प्रश्न अस्वस्थ करणारा आहे. तंबाखू आणि तोंडाचा कर्करोग यांचे नाते परळच्या प्रयोगशाळेने १९५५ पर्यंत पुराव्यानिशी मांडले होते. तंबाखूच्या जाहिराती आणि विक्री यांना आळा घालणारा सर्वंकष केंद्रीय कायदा २००३ मध्ये आला, आणि महाराष्ट्रात गुटख्यावर आजची बंदी लागू झाली ती २०१२ मध्ये. मधल्या अर्धशतकात किती पिढ्यांनी पुड्या फोडल्या, मिश्री लावली आणि विड्या ओढल्या! धंद्याच्या ठिकाणच्या रसायनांची कथाही अशीच सावकाश सरकली. बेंझिडिनपासून बनणाऱ्या रंगांवर भारतात बंदी आली ती १९९० च्या दशकात, म्हणजे रेन यांच्या निवेदनानंतर जवळपास शंभर वर्षांनी. कारखान्यांना नोंदवावयाच्या आजारांच्या यादीत व्यवसायजन्य कर्करोगाचा समावेश झाला खरा, पण कागदावरची यादी आणि कामगाराच्या केसपेपरवरची नोंद यांत अंतर फार राहिले.

खानदेशापुरते बोलायचे तर कापसाच्या आणि केळीच्या शेतात पाठीवर पंप घेऊन फवारणी करणारा मजूर हाही रसायने हाताळणारा कामगारच आहे. त्याच्याभोवती कारखान्याची भिंत नाही आणि कारखान्याचा कायदाही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१५ मध्ये लिंडेन हे कीटकनाशक माणसाला कर्करोगकारक असल्याचे आणि मॅलाथिऑन व डीडीटी बहुधा कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले. याचा अर्थ फवारणी करणाऱ्या प्रत्येकाला कर्करोग होईल असा नव्हे. पण उघड्या अंगाने, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारायचे आणि त्याच हाताने तंबाखू मळून तोंडात टाकायची, हे दोन धोके एकत्र ओढवून घेणे आहे. हातमोजे, तोंडावर फडके, फवारणीनंतर साबणाने आंघोळ आणि वेगळे धुतलेले कपडे या गोष्टी साध्या आहेत. धुराडी साफ करणाऱ्या पोरांना पाण्याची बादली वेळेवर मिळाली असती, तर पॉट यांना ते व्रण कदाचित पाहावे लागले नसते.

आता जनुकीय चाचण्या आपल्या शहरांतही उपलब्ध झाल्या आहेत. त्यांचा उपयोग मोठा आहे, तसा एक धोकाही आहे. कामगाराची जनुके तपासून ज्याची दुबळी निघतील त्याला कामावर घ्यायचे नाही आणि विषारी हवा मात्र तशीच ठेवायची, असा सोयीचा मार्ग कुणी काढू शकते. माणसाचे जनुक बदलता येत नाही, कामाची जागा बदलता येते. दोष कुळाचा म्हटले की जबाबदारी कुणाचीच राहत नाही. खानोलकरांनी मुंबईच्या समाजगटांचे रक्त तपासले, त्यांच्यातले फरक प्रामाणिकपणे नोंदविले आणि तरीही रोगाचे मूळ शोधताना चुना-तंबाखूच्या डबीकडे आणि धोतराच्या कशाकडे लक्ष वेधले, यातील अर्थ आज पुन्हा समजून घेण्याची गरज आहे.

पाचोऱ्याच्या फलाटावरून टाटाला निघालेल्या कुटुंबाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डॉक्टरांनी व्यवसाय विचारला तर शेती किंवा मजुरी एवढ्यावर थांबू नये. कोणती फवारणी केली, कोणत्या कारखान्यात किती वर्षे काढली, कशाचा धूर वा धूळ नाकातोंडात गेली, तंबाखू किंवा मिश्री कधीपासून आहे, आणि घरात आणखी कुणाला, कोणत्या वयात, कोणता कर्करोग झाला, हे सारे सांगावे आणि केसपेपरवर लिहवून घ्यावे. काचपट्टीपलीकडचा माणूस पाहू इच्छिणाऱ्या एका विकृतिशास्त्रज्ञाने याच रुग्णालयात बसून हेच प्रश्न विचारायला सुरुवात केली होती. त्यांची उत्तरे जितकी नेमकी नोंदली जातील, तितका पुढच्या रुग्णाचा प्रवास टळण्याची शक्यता वाढेल.